जुन्या गाडीत पावसाचं पाणी शिरतंय, वाट कशी शोधायची? (सातारा)

घाटवाट

नमस्कार मंडळी. वडिलांनी 2005 साली घेतलेली पेट्रोल हॅचबॅक अजून माझ्या रोजच्या वापरात आहे. साताऱ्याहून मेढ्याच्या बाजूला शाळेवर जाणं-येणं तिच्यावरच. इंजिन ठणठणीत आहे, क्लच नवा आहे. पण आर्द्रा लागल्या की क्लीनर साइडला पायाखाली पाणी. आधी नुसती मॅट ओली व्हायची, आता कार्पेटवर टाच दाबली की खालच्या फोममधून पाणी वर येतं. सकाळी दार उघडलं की कुबट वास, आणि सगळ्या काचा आतून धुरकटलेल्या.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी समोरच्या काचेच्या कडेनं सिलिकॉन भरून दिलं. पुढच्या पावसात तेवढंच पाणी. परत नेली, त्यावर आणखी एक थर. फरक नाही. आता म्हणतात काच काढून नव्यानं बसवू. खर्च एक वेळ करेन, पण पाणी काचेतून येतंय हे अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला आधी वाट सापडायला हवी. कुणी असा शोध नीट घेतला असेल तर सविस्तर लिहा.

मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा कंपनीवर घसरते. वीस वर्षांनी कुठल्याही गाडीचं रबर कडक होतंच.

मिरजवाली

सर, काचेला आत्ता कुणाला हात लावू देऊ नका. आधी एवढं सांगा. गाडी नुसती उभी असताना पाणी येतं की चालवल्यावरच? एसी लावता का? पाणी स्वच्छ असतं की लाल गाळ असतो? बोटाला चिकट लागतं का, गोडसर वास येतो का?

विचारायचं कारण असं की क्लीनर साइडला पायाखाली येणारं सगळं पाणी पावसाचं नसतं. एसीच्या कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली सोडलेलं असतं. ती नळी धुळीनं तुंबली की तेच पाणी आत सांडतं. अगदी स्वच्छ, बिनवासाचं पाणी, आणि कोरड्या दिवशीही येणार. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. तेव्हा समोरच्या काचेवर आतून तेलकट थरही धरतो. लाल गाळ आणि फक्त चालवताना येत असेल तर चाकानं उडवलेलं पाणी, म्हणजे पत्र्याला भोक किंवा खालचा रबरी बूच गळून पडलाय. या तिन्हींत काचेचा काही संबंध नाही.

घाटवाट

एसी पावसाळ्यात जवळपास लावतच नाही. पाणी चिकट नाही, वास फक्त कुबट. रात्रभर उभ्या गाडीतही येतं, ही खात्रीची गोष्ट. गाळ नाही, पण परवा मॅट उचलली तर खाली पानांचे बारीक तुकडे होते, कुजलेले. बुटाला चिकटून आले असतील असं वाटलं.

आणखी एक. शाळेच्या आवारात गाडी सपाट जागी असते, तिथं पाणी कमी येतं. शाहूपुरीत घराबाहेर रस्त्याच्या कडेला लावतो, तिथं जास्त. मेढ्याला पाऊस साताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी उलटं होतंय. हे कोडं मला सुटत नाही.

निवृत्त_एसटी

सर, हे कोडं नाही, उत्तर आहे. मी आयुष्यभर डेपोच्या वर्कशॉपला बॉडी सेक्शनला काम केलं. घाटातल्या गाड्या पावसाळ्यात गळायच्याच, आणि आमचे मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारायचे, गाडी कुठं आणि कशी उभी होती.

आपल्याकडं रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी गटारीकडं जावं म्हणून. तुम्ही डाव्या कडेला लावता, म्हणजे गाडीची डावी बाजू रात्रभर खाली. गाडीवर किंवा गाडीच्या एखाद्या पोकळीत साठलेलं पाणी डावीकडं गोळा होणार. शाळेत सपाट, तिथं ते दोन्हीकडं वाटलं जातं. काच गळत असती तर कलण्यानं इतका फरक पडला नसता. कुठंतरी पाणी साठतंय, पातळी वाढतेय आणि वरून सांडतंय असा माझा अंदाज. बॉनेट उघडा. काचेच्या खाली, वायपर जिथून बाहेर येतात तिथं काळी प्लास्टिकची जाळी असते. ती काढून खाली बघा. घरासमोर झाड कुठलं आहे?

घाटवाट

काका, गुलमोहर आहे. आणि गाडी त्याच्याच खाली असते.

पत्र्याचा_डॉक्टर

सर, मी कराडला डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. काका म्हणतात तेच. गुलमोहराची पानं त्या जाळीतून बरोबर आत जातात, एवढी बारीक असतात. आत कुजली की त्यांचा चिखल होतो आणि कोपऱ्यातली भोकं बुजतात. ती भोकं मडगार्डच्या आतून खाली चाकामागं उघडतात. दार उघडून बिजागरीच्या बाजूला खाली वाकून बघा, पाणी तिथूनच पडायला पाहिजे. पडत नसेल तर वर तळं झालंय.

पण लगेच तुटून पडू नका. एक काम करा. आधी पाण्यानं टेस्ट घ्या, मग साफ करा. आधीच साफ केलं तर तेच कारण होतं का दुसरं काही होतं, कधी कळायचं नाही. आणि ते सिलिकॉन कुठलं लावलंय? लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता का?

घाटवाट

आला होता. डोळे चुरचुरले.

पत्र्याचा_डॉक्टर

मग ते घरकामाचं सिलिकॉन. बाथरूमच्या टाइल्सला चालतं, गाडीच्या पत्र्याला लावू नये. सुकताना त्यातून ॲसिड सुटतं. रंगाला जरा जरी ओरखडा असला तर खाली गंज धरतो, आणि वरून दिसत नाही. पुढं कधी काच खरंच काढायची झाली तर त्या चिकट थरावर नवा पीयू (काच चिकटवायचा पॉलियुरेथेन) धरत नाही, रंगही धरत नाही. सगळं खरवडून काढायला अर्धा दिवस जातो. पत्र्याच्या जोडाला सीम सीलर, चिकटवलेल्या काचेला पीयू, दाराच्या आतल्या प्लास्टिकला ब्युटाइल टेप. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आणि कृपा करून जोडावर लांबी (पुट्टी) भरू नका. गाडी चालताना पत्रा वळतो, लांबी वळत नाही, तडकते आणि त्या चिरेत पाणी धरून ठेवते.

कोयनाखोरं

पाण्याची टेस्ट म्हणजे वॉशिंग सेंटरला नेऊन जोरात पाणी मारायचं का? आमचीही गाडी गळते, पाटणला तसं एक सेंटर आहे.

मिरजवाली

नाही. प्रेशरचं पाणी चांगल्या रबरालाही उचलून आत जातं, आणि मग जिथं गळतच नाही तिथं गळती सापडते. बागेची साधी नळी घ्या, तोंडाला काही लावू नका, पाणी नुसतं ओघळेल एवढंच सोडा.

महत्त्वाचं म्हणजे खालून वर जायचं. नळी आधी टपावर धरली तर पाणी काचेवरून, दारावरून, सगळीकडून वाहणार आणि आत ओल दिसली तरी ती कुठली हे सांगता येणार नाही. आधी दाराच्या खालच्या कडेला, मग बिजागरीपाशी, मग जाळीवर, मग काचेच्या खालच्या कडेला, मग बाजूच्या कडा, सगळ्यात शेवटी टप. एका जागी पाच ते दहा मिनिटं नळी धरून ठेवायची. घाई केली की चुकीच्या जागेला दोष जातो, कारण पाण्याला आतून फिरून यायलाच वेळ लागतो.

त्याआधी आतलं सगळं कोरडं हवं. क्लीनर साइडची सीट काढा, कार्पेट उचला, फोम बाहेर काढा. उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरा, कोरड्या कागदावर पहिला थेंब लगेच दिसतो. जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याचा माग त्यावर ओळीसारखा उमटतो. एक माणूस आत बॅटरी घेऊन, एक बाहेर नळीला.

सीट काढण्याआधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा, बॅटरी सोडून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका. काही गाड्यांत वायरिंगची गाठ आणि कंट्रोल युनिटसुद्धा डावीकडं डॅशबोर्डखाली असतं. तिथं पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर फोटो टाका, कारण मग नुसत्या कुबट वासाचा प्रश्न राहत नाही. गाडी कधीतरी भर पावसात खंबाटकीत बंद पडेल.

लोणंदकर

आमच्याकडं दिंडीबरोबर जाणारी जुनी जीपसारखी गाडी आहे, वर कॅरिअर. ती मागच्या सीटवर गळायची. सगळे मागच्या दाराचं रबर बदला म्हणायचे. शेवटी कळलं की कॅरिअरचे पाय जिथं टपाला बोल्टानं कसलेत तिथले वॉशर कडक होऊन तडकलेत. पाणी तिथून आत, मग टपाच्या आतल्या पट्टीवरून मागं सरकत जायचं आणि हातभर लांब जाऊन टपकायचं. टपाला ओल, पण बोल्टाखाली आतलं कापड कोरडं. कारण पत्रा आणि कापड यांच्यामधून पाणी सरकत होतं.

वारीत त्या गाडीत माउलींच्या भक्तांची अंथरुणं, पीठ, शिधा असतो. लोणंदच्या मुक्कामाला जाताना एकदा सगळं पीठ भिजलं, तेव्हापासून आम्ही पालखीच्या आधी कॅरिअरचा प्रत्येक बोल्ट सोडून नवा रबरी वॉशर आणि सीलर लावतो. जुन्या गाड्यांना टपाच्या कडेनं पन्हाळ असते. तिच्या जोडातला सीलर केसाएवढा तडकला तरी पाणी खांबातून उतरून थेट पायाखाली येतं. तिथंही बघा.

निवृत्त_एसटी

लोणंदकरांचा मुद्दा नीट लक्षात घ्या. पाणी पत्र्याला धरून चालतं. वायरीला धरून चालतं. आमच्याकडं एका गाडीच्या ड्रायव्हरच्या गुडघ्यावर थेंब पडायचा, आणि भोक होतं पार पलीकडच्या वायपरच्या दांड्याशी. म्हणून थेंब पडतो तिथून उलट मागं जायचं. बोट फिरवत जा, बोट जिथं कोरडं लागेल तिथून एक वीत मागं वाट आहे.

वायर आत जिथून येते तिथल्या रबरी ग्रोमेटवर पण लक्ष ठेवा. म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, अलार्म बसवणारे फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) नवं भोक पाडतात किंवा जुन्या ग्रोमेटला चिरून वायर घालतात. वायर बाहेरून आत उताराला असेल तर पाणी तिच्या अंगावरून सरळ आत येतं. आत येण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यावा, पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकून जातं.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी उघाड मिळाली. शेजारचा मुलगा नळीला, मी आत. जे दिसलं ते सविस्तर लिहितो.

सीट आणि कार्पेट काढलं. फोम उचलताना दोन हात लागले, एवढं पाणी पिऊन जड झाला होता. खाली पत्र्यावर जोडाच्या कडेनं गंजाची तांबडी रेघ, पण स्क्रू ड्रायव्हरनं दाबून पाहिलं, पत्रा शाबूत आहे. ग्लोव्ह बॉक्स काढून टाकला, म्हणजे पाठीमागचा ब्लोअर उघडा दिसायला लागला. वर्तमानपत्र अंथरलं आणि डोकं खाली, पाय सीटच्या जागेवर, असा झोपून बॅटरी लावली.

दाराची खालची कड, बिजागरी: कोरडं. दाराची वरची रबरं या वेळी मुद्दाम सोडली. मग काचेची खालची कड. मिरजवाली ताईंनी जाळी आधी सांगितली होती, पण मी काच आधी घेतली, कारण गॅरेजवाल्यांच्या म्हणण्याचा निकाल आधी लावायचा होता. नळीचं तोंड जाळीवर न सांडता काचेवर वरच्या बाजूला ओघळेल असं धरायला लावलं, जाळीवर ताडपत्रीचा तुकडा टाकून पाणी बॉनेटवर काढून दिलं. बराच वेळ धरलं. कागद कोरडा.

मग ताडपत्री काढून नळी जाळीच्या डाव्या कोपऱ्यात. पहिले काही क्षण काहीच नाही. दार उघडून बिजागरीखाली पाहिलं तर तिथूनही पाणी पडत नव्हतं, म्हणजे वर साठतंय हे तिथंच कळलं. मग ब्लोअरच्या काळ्या डब्याच्या बुडाला, एका स्क्रूच्या डोक्याशी, चमक दिसली. थेंब तिथं धरला, मोठा झाला, पण खाली पडला नाही. डब्याच्या कडेनं मागं सरकला, शेजारच्या वायरीच्या जुडग्यावर चढला, वायरीवरून डावीकडं उतरत दाराच्या खांबापाशी गेला आणि तिथून कार्पेटच्या जागेवर पडला. म्हणजे आजवर जिथं पाणी दिसायचं, ते दारापाशी. म्हणूनच सगळे दार आणि काच म्हणत होते. थोड्या वेळानं थेंबांची धार लागली आणि वर्तमानपत्रावर पानांचा एक काळा तुकडा येऊन पडला. मॅटखाली सापडले होते तसाच.

नळी बंद केली. जाळी काढली. खाली कुजलेल्या पानांचा थर, त्यात गुलमोहराच्या शेंगेचा एक तुकडा आडवा अडकलेला, आणि त्यावर पाणी. ब्लोअरला बाहेरची हवा जिथून जाते त्या भोकाला उंच कड आहे, पाणी त्या कडेच्या बरोबरीला आलेलं. काकांनी म्हटलं तसं तळं.

निवृत्त_एसटी

शाब्बास सर. ती उंच कड तेवढ्यासाठीच असते. थोडं पाणी चालतं, तळं नाही.

आता साफ करताना तारेनं भोकं कोचू नका. नळी रबराची असेल तर फाटते, आणि तारेनं रंग गेला की गंज. वरून हातानं गाळ काढा, मग खालच्या बाजूनं चाकाच्या कमानीकडून कमी दाबाची हवा किंवा पाणी उलटं सोडा. काही गाड्यांत या नळीच्या टोकाला रबराचं चिमटलेलं तोंड असतं, त्यात चिखल बसतो. ते बोटानं चोळून उघडतं.

घाटवाट

साफ केलं. आता वर लोटाभर पाणी ओतलं की बिजागरीखालून लगेच धार पडते. पुढची बाजू रात्रभराच्या पावसात कोरडी राहिली.

पण आता फोम नसल्यामुळे दुसरी गोष्ट उघडी पडली. मागच्या डाव्या सीटच्या पायाखालीही ओल आहे, थोडी. आधी वाटायचं पुढचंच पाणी मागं वाहतंय. आज केळघर घाटातून आलो, पुढचा कागद कोरडा, मागचा ओला. पाण्यात गाळ नाही.

मिरजवाली

गाळ नाही, चालवताना पावसाचा मारा बाजूनं बसतो, आणि मागचं दार. सर, त्या दारात स्पीकर बसवलाय का?

घाटवाट

हो. वडिलांनी बसवून घेतले होते, बऱ्याच वर्षांपूर्वी.

मिरजवाली

मग दाराचं आतलं पॅड काढा. गोष्ट अशी आहे की दाराच्या आत पाणी जाणं ही गडबड नाही, तसंच ते बनवलेलं असतं. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून पाणी दारात उतरतं आणि दाराच्या बुडाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराचा पत्रा आणि पॅड यांच्यामधे प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो, तो पाणी दारातच ठेवतो. स्पीकर बसवणारे तो पडदा फाडतात किंवा अर्धा सोलून तसाच सोडतात. मग पाणी पॅडच्या मागून ओघळून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पडतं. दाराचं रबर कितीही नवं घाला, पाणी रबराच्या आतूनच येत असतं.

जाड पॉलिथिन घ्या, दाराच्या आकारात कापा, कडेनं ब्युटाइल टेप लावून चिकटवा. खालची कड बाहेर लोंबू द्यायची नाही, दाराच्या आत खोचायची, म्हणजे पडद्यावरून ओघळणारं पाणी परत दारातच पडेल. दाराच्या बुडाची भोकं आधी मोकळी करा. ती बुजली की दारात पाणी साठून पत्रा आतून सडतो, दार उघडताना खळखळ आवाज येतो.

पत्र्याचा_डॉक्टर

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी जेवढी सडलेली दारं कापून नवा पत्रा जोडलाय, त्यात बहुतेक दारं खालून आणि आतून सडलेली. बाहेरून रंगाला फोड आला की माणूस माझ्याकडं येतो, तोवर आत चाळण झालेली असते.

रबर तपासायचं तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडली पाहिजे. सहज सुटली तर तिथं रबर दबत नाहीये. रबर न बदलता आधी दार झुकलंय का बघा, जुन्या गाड्यांच्या बिजागरीची पिन झिजते आणि दाराचा मागचा कोपरा खाली येतो. लॉकचा खिळा थोडा आत सरकवला तरी बऱ्याचदा काम होतं.

कोयनाखोरं

आमच्या गाडीत पाणी मागं डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं. डिकीचं रबर नवं घातलंय.

पत्र्याचा_डॉक्टर

मागच्या लाइटची गॅस्केट बघा. लाइट काढून बघितल्याशिवाय समजत नाही. मागच्या काचेला वायपर असेल तर त्याच्या पाण्याची बारीक नळी टपातून मागं आलेली असते, ती डिकीच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटते. पाऊस नसताना वॉशर दाबा आणि बघा. आणि बंपरच्या आत दोन्ही बाजूंना हवा बाहेर जाण्यासाठी झडपा असतात, त्यांची रबरी पानं वाकडी झाली तरी पाणी येतं.

एक जण नळीला नसेल, एकटेच असाल, तर साबणाची टेस्ट करा. सगळ्या काचा, दारं बंद, ब्लोअर फुल, बाहेरची हवा आत घेणारी खिटी चालू. बाहेरून रबरांवर, लाइटच्या कडेला, काचेच्या कडेला साबणाचं पाणी ब्रशनं लावा. जिथं वाट आहे तिथं बुडबुडे येतात. झडपांतून हवा निघून जाते, म्हणून त्या टेपनं बंद केल्या तर अजून चांगलं.

कोयनाखोरं

वॉशर दाबला, डिकीत पाणी आलं! नळी तुटलीय. धन्यवाद. तोवर खड्ड्याला खाली ड्रिलनं एक भोक पाडून ठेवू का, पाणी निघून जायला?

निवृत्त_एसटी

अजिबात नाही. खाली रबरी बूच आधीच असतो. तो काढा, पाणी जाऊ द्या, पुसून परत लावा. ड्रिलचं भोक म्हणजे उघडा पत्रा. उद्या रस्त्यावरचं पाणी त्यातूनच वर येईल.

माणकाठ

घाटवाट सर, तो फोम वाळवायचं काय केलंत? साताऱ्यात सध्या तुम्हाला ऊन मिळणार नाही.

घाटवाट

हाच प्रश्न होता. दोन दिवस घरात पंख्याखाली उभा केला, वरून कोरडा वाटायचा, दाबला की पाणी. बहीण दहिवडीला असते. जिल्हा एकच, पण मेढ्याला झड लागलेली असताना माणात कडक ऊन. फोम आणि कार्पेट तिच्याकडं पाठवलं, तिनं गच्चीवर टाकलं. दरम्यान गाडीत एसी लावून फिरतोय, पाऊस असला तरी. त्यानं आतली हवा कोरडी होते हे जाणवतंय, सकाळी काचा आता धुरकटत नाहीत.

मागच्या दाराचं पॅड काढलं. पडदा स्पीकरच्या गोलाभोवती अर्धा फाटून आत लोंबत होता, आणि पॅडच्या पुठ्ठ्यावर पाण्याच्या वाटेचा डाग वरून खालपर्यंत. नवा पडदा लावला. स्पीकरच्या पाठीलाही पॉलिथिनची छत्री केली.

मिरजवाली

फोम वाळल्यावर बोटानं खोलवर दाबून, कापून पाहा, मधे गार लागला तर अजून ओला आहे. पुरानंतर आम्ही हे शिकलो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या गल्लीतल्या गाड्या पाण्यात होत्या. नंतर वरवर वाळवून, सीट कव्हर बदलून कितीतरी गाड्या विकल्या गेल्या.

म्हणून सांगली-कोल्हापूरकडची जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक करावं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या भागावर गाळाची रेघ किंवा मातकट डाग दिसला तर ती गाडी पुरातली समजा. स्टेपनीचा खड्डा, सीटच्या रुळांचे कोपरे आणि हेडलाइटच्या आतला तळ, इथला बारीक गाळ धुऊन जात नाही. तो गाळ दमट हवेत ओल धरतो आणि मालकाला वाटतं गाडी पावसात गळतेय. तशा गाडीत गळती शोधत बसण्यात अर्थ नाही, आतलं सगळं काढून गाळच काढावा लागतो.

घाटवाट

ताई, हे फार उपयोगाचं आहे. एका सहकाऱ्याला सांगलीतून जुनी गाडी घ्यायची आहे, त्यांना हा धागा पाठवतो.

पुढचं. गंजाची जी रेघ दिसली त्याचं काय करू? कार्पेट घालायच्या आधी लगेच काही मारू का?

पत्र्याचा_डॉक्टर

आत्ता घाई करू नका. पत्रा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय काहीही मारलं तर ओल खाली कोंडते. तारेच्या ब्रशनं सुटी पापडी काढा, रस्ट कन्व्हर्टर लावा, काळा पडू द्या. मग इपॉक्सी प्रायमर. जोडाच्या रेघेवर सीम सीलर, तो ब्रशनं पसरता येतो. वर रंग. प्रत्येक थराला वाळायला वेळ द्या, पावसाळ्यात जरा जास्तच. गाडीखालून पण बघा, वर तांबडी रेघ आहे तिथं खाली डांबरी कोटिंग फुगलंय का. फुगलं असेल तर टोकरून काढा, आत ओल असते.

आणि काचेवरचं ते सिलिकॉन दिवाळीच्या सुट्टीत या, काढून देतो. प्लास्टिकच्या पट्टीनं काढावं लागतं, ब्लेड मारलं तर रंग जातो. खाली गंज नसेल तर काच काढायची काही गरज नाही.

निवृत्त_एसटी

सर, गुलमोहराखाली लावणं सोडा असं मी म्हणणार नाही, साताऱ्यात सावलीची जागा मिळत नाही. पण त्या जाळीवर आतून बारीक स्टीलची मच्छरदाणीची जाळी बसवून घ्या, पूर्ण भोक झाकेल अशी पण हवा अडणार नाही अशी. आणि मृगाच्या आधी एकदा, श्रावणात एकदा लोटाभर पाणी ओतून बिजागरीखाली धार पडते का ते बघायचं.

घाटवाट

जाळी मिळाली, मोती चौकाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात. उद्या बसवतो. फोम बहिणीकडून शनिवारी येतोय. कापून पाहिलाय म्हणाली, मधे गार लागत नाही. फक्त क्लीनर साइडच्या पट्ट्याचा खालचा भाग कुजून भुगा झालाय, तेवढा तुकडा नवा घालावा लागेल. साध्या गादीचा स्पंज चालेल का?

लोणंदकर

नको, तो पाणी पितो आणि सोडत नाही. सीट कव्हरवाल्यांकडं काळा बंद पेशींचा फोम मिळतो, ईव्हीए किंवा पीई म्हणून मागा. जुन्याच्याच जाडीचा घ्या, नाहीतर कार्पेट फुगून सीटचे बोल्ट बसत नाहीत.